द लास्ट गार्डियन: ट्रिको लगेच ऐकत नाही तेच भारी आहे

गेममध्ये सोबतीला प्राणी असला की तो बहुतेक वेळा कामापुरता असतो, शिट्टी मारली की घोडा हजर, संपला विषय. ‘द लास्ट गार्डियन’मधला ट्रिको तसला नाहीये. गेम डिझायनर फुमितो उएडाचा हा गेम २००९ मध्ये पीएस ३ (प्लेस्टेशन ३) साठी जाहीर झाला आणि आला थेट डिसेंबर २०१६ मध्ये पीएस ४ वर, आणि एवढी वर्षं कशात गेली ते ट्रिकोच्या मानेची नि कानांची हालचाल बघितली की कळतं.

एक लहान मुलगा पडक्या जागेत शुद्धीवर येतो, शेजारी साखळीने बांधलेला, अंगात भाले घुसलेला अर्धा पक्षी अर्धा जनावर असा अवाढव्य जीव, हाच ट्रिको. पिसं धरून वर चढायचं, भाला ओढून काढायचा, तो कळवळून झटका देतो तरी परत जायचं, त्याच्या खाण्याचं पिंप आणून ठेवायचं. इथूनच दोघांचं जमायला लागतं. कुठे मीटर नाही की लेव्हल नाही, विश्वास वाढलाय हे त्याच्या वागण्यातूनच समजतं.

तुम्ही उडी मार म्हणून सांगता आणि तो आधी इकडेतिकडे बघतो, काहीतरी हुंगतो, मग मनात आलं की मारतो. बऱ्याच जणांना याचा वैताग येतो आणि ते समजण्यासारखं आहे, पण सांगितल्या सांगितल्या ऐकला असता तर ट्रिको म्हणजे नुसती लिफ्ट झाली असती. डोळ्याच्या आकाराच्या रंगीत काचा दिसल्या की हा एवढा मोठा जीव घाबरून पुढेच येत नाही, मग ती काच हटवायची या एवढ्याशा पोराने. उलट चिलखतवाले पुतळे पोराला उचलून न्यायला लागले की ट्रिको तुटून पडतो. आणि मला सगळ्यात आवडतं ते त्यानंतरचं, मारामारी संपली तरी त्याचा राग उतरलेला नसतो, मग अंगावर चढून हात फिरवत बसायचं, हळूहळू तो शांत होतो.

कॅमेरा मात्र खरंच वाईट आहे, अरुंद जागेत स्क्रीनभर पिसंच पिसं, पोरगं कुठंय तेच दिसत नाही. पीएस ४ वर फ्रेमरेटही पडतो, म्हणजे चित्र अडखळतं, पीएस ५ असेल तर डिस्कवरून अपडेट न टाकता चालवा, सेकंदाला ६० फ्रेमने मस्त पळतो. आणि खेळताना सारखं बटण दाबून त्याच्यामागे लागू नका, एकदा सांगा आणि जरा थांबा, तो येतो.