रिमोटचं हेलिकॉप्टर: उडतंय झकास, उतरवायचं कसं ते बॉक्सवर लिहिलेलं नाही

साडेपाच हजार घालून रिमोटचं हेलिकॉप्टर घेतलं त्याला आता आठ महिने झाले. रिव्ह्यू टाकावा म्हटलं, कारण जे रिव्ह्यू वाचून मी घेतलं ते सगळे पहिल्या दिवशी लिहिलेले होते, "पॅकिंग छान, मुलगा खूश". मुलाला अजून हात लावू दिलेला नाही तो भाग वेगळा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, हुबेहूब असंच दिसणारं मॉडेल दोन-तीन नावांनी बघितलंय. चार चॅनल (वर-खाली, पुढं-मागं, डावं-उजवं आणि जागेवर वळणं), एकच मोठा पंखा, तो साधारण ५० सेंटिमीटरचा, शेपटीला वेगळी छोटी मोटर, ७.४ व्होल्टची लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, आत दोन सेल, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. घरच्या काट्यावर बॅटरीसकट २३० ग्रॅम भरलं. वजन मुद्दाम सांगतोय, ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो गटात येतं, हौसेसाठी उडवायला पायलटचं लायसन लागत नाही. तरी आमच्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवायचं नाही, डिजिटल स्काय ह्या ड्रोनच्या सरकारी वेबसाइटवर नकाशा आहे तो आधी बघा. आम्ही वडणग्याला मित्राच्या रानात जातो.

हॉलमध्ये उडवायची ती एकावर एक दोन पंखेवाली छोटी हेलिकॉप्टरं वेगळी हां. त्यातले दोन पंखे उलटसुलट फिरतात, एकमेकांचा पीळ मारतात, म्हणून त्यांचं अंग गरगर फिरत नाही. ह्याला एकच पंखा, तो एकीकडं फिरला की अंग दुसरीकडं फिरायला बघतं, ते शेपटीची मोटर आणि आतला जायरो, म्हणजे अंग किती वळतंय ते ओळखणारा सेन्सर, मिळून धरून ठेवतात. बॅटरी लावल्यावर तीन-चार सेकंद ते जमिनीवर स्थिर पाहिजे, तेवढ्यात जायरो स्थिर म्हणजे काय ते ठरवून घेतो. मी पहिल्या दिवशी हातात धरूनच बॅटरी जोडली, वारं होतं, हात हलत होता, खाली ठेवून थ्रॉटल (पंख्याचा वेग वाढवायची रिमोटवरची स्टिक) दिला तर भिंगरीसारखं गरगर फिरलं आणि आडवं झालं. एक पातं तिथंच गेलं. बॉक्समध्ये जादाची दोन पाती येतात, ती कशासाठी हे कळायला मला चार मिनिटं लागली.

आता उडवणं. खरं सांगतो, वर न्यायला काही लागत नाही, थ्रॉटल दिला की जातं. सगळी भानगड खाली आणताना आहे. हे मॉडेल फिक्स्ड पिच आहे, म्हणजे पात्यांचा कोन बदलत नाही, पंख्याचा वेग कमी-जास्त करूनच वरखाली करायचं. महागड्या कलेक्टिव्ह पिचवाल्यात वेग तोच राहतो, पात्याचा कोन बदलतो, म्हणून ते हाताला लगेच ऐकतं. ह्यात पंख्याला वेग पकडायलाच क्षणभर जातो. म्हणजे खाली येतंय हे दिसल्यावर थ्रॉटल दिलात तर उशीर झाला, ते टेकून उसळी मारणार, मग तुम्ही घाबरून थ्रॉटल कमी करणार, मग परत आपटणार. पहिले पंधरा दिवस माझं हेच चाललेलं. मित्र बांधावरनं ओरडतोय,

"मर्दा, खाली घे की आता!"

"घ्यालोय की, ते यीना झालंय!"

शेवटच्या फूटभरात तर आणखी मजा. पंख्याचा वारा जमिनीवर आपटून परत वर येतो आणि त्यातच हेलिकॉप्टर डुचमळायला लागतं, डावीकडं सरकतंय म्हणून उजवीकडं द्यावं तर उजवीकडं पळतं. मी तिथंच लोंबकळत ठेवायचो, नीट सरळ झाल्यावर टेकवू म्हणून, आणि ते काही सरळ होत नव्हतं. मग पद्धत बदलून बघितली. गुडघ्याएवढ्या उंचीवर आधी स्थिर करायचं, एकदम निवांत, तिथनं हळूहळू वितभर उंचीपर्यंत आणायचं आणि मग न रेंगाळता टेकवायचं. टेकल्याबरोबर थ्रॉटल पूर्ण खाली. उडवतानाही तसंच, वितभरावर घुटमळत बसायचं नाही, सरळ गुडघ्यापर्यंत न्यायचं. एवढी एक गोष्ट जरी त्या मॅन्युअलमध्ये असती तर माझे दोन सेट पाती वाचले असते. मॅन्युअल बारा पानी आहे आणि त्यातली तीन पानं नुसती सेल कसे घालायचे त्याची.

टेकवायला जागा सपाट पाहिजे. रानात ढेकळं, गवतात स्किडचा, म्हणजे खालच्या दांड्यांचा, पाय अडकला की गेलंच उलटं. आम्ही चौकातला एक जुना वाढदिवसाचा फ्लेक्स आणला, आठ बाय सहाचा, कडेला विटा ठेवल्या. भाऊंचा फोटो मधोमध, काळा गॉगल लावलेला. टार्गेट तेच, गॉगलवर उतरलं तर फुल मार्क. तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा बरोबर गॉगलवर बसलं तेव्हा मित्रानं रानातच शिट्टी मारली. सुरुवातीला खाली पतंगाच्या कामट्या फुलीसारख्या बांधा आणि टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावा, कलंडत नाही. वजन वाढतं म्हणून बॅटरी थोडी लवकर संपते, पण पात्यांचा खर्च वाचतो.

महिनाभर शेपूट आपल्याकडंच ठेवून उडवा. तोंड आपल्याकडं झालं की डावं-उजवं सगळं उलटं होतं आणि डोकं बंद पडतं. तेव्हा ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला स्टिक द्यायची, कललेल्या भिंतीला टेकू द्यावा तशी. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून ते सरळ शेजारच्या उभ्या उसात गेलं. दहा-अकरा महिन्यांचा ऊस, आत माणूस दिसत नाही. आवाजावरनं सापडेल म्हणून मी शहाण्यासारखा बाहेरनं थ्रॉटल देत राहिलो. सापडलं, पण शेपटीचा पंखा पाल्यात अडकलेला आणि त्यातच मोटर जळून गेलेली, वास येत होता. हात कापले ते वेगळंच. पडलं की आधी थ्रॉटल शून्य करायचा, मग शोधायला जायचं, हा धडा मला साडेतीनशेला पडला, कुरियर वेगळं.

त्याच वेळी मेन शाफ्टपण, म्हणजे मोठा पंखा ज्यावर फिरतो ती दांडी, वाकला होता. तो उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं नेला. त्यानं व्ही ब्लॉकच्या खाचेत ठेवून वाक मोजायचा डायल लावला आणि म्हणाला, "भावा, सुईएवढा शाफ्ट घेऊन आलायस, ह्याला काय मी चहा पिता पिता सरळ करतो." केला पण. पैसे घेतले नाहीत, एकदा उडवायला दे म्हणाला. दिलं. त्यानं पहिल्याच फटक्यात माझ्यापेक्षा बरं उतरवलं.

तक्रार एकच पण मोठी. सोबतचा चार्जर भिकार आहे. दोन तास घेतो, हाताला चटका बसेल एवढा तापतो, आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचा दिवा कधी लागतो कधी नाही. लायपोचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये, त्यामुळं असल्या दिव्यावर भरवसा ठेवून घराबाहेर जाऊ नका. मी बाराशेचा वेगळा बॅलन्स चार्जर घेतला, तो सगळे सेल सारखे भरतो. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर आपल्याकडं काय उडवायचं, बॅटरी फुल करून कपाटात ठेवली तर ती तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली. फेकावी लागली. ठेवायची तर एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, अर्धवट.

एका चार्जवर सात मिनिटं उडतं, मी मोबाईलवर सहाचा टायमर लावतो. बॅटरी उतरत आली की अर्ध्या स्टिकवर तरंगणारं पाऊण स्टिक मागायला लागतं, आणि अशा वेळी उंच असलात तर उतरवण्याचा निर्णय तुमचा राहत नाही.

घ्यायचं का? घ्या. पार्ट मिळतात, पात्यांचा सेट दीडशेला, आणि पडून पडूनसुद्धा बॉडीला फक्त दोन चिरा आहेत. हिवाळ्यात सकाळी सातच्या आत जा, वारं पडलेलं असतं. लहान पोरं आणि कुत्री लांब ठेवा, पातं प्लास्टिकचं असलं तरी लागतं, माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

पाचपैकी चार स्टार, एक चार्जरनं खाल्ला. फ्लेक्स आता गॉगलपाशीच फाटलाय, पण त्याची काळजी नाही, पुढच्या महिन्यात चौकात अजून कुणाचा तरी वाढदिवस आहेच.