बॉडी शॉप रिव्ह्यू : मागून ठोकलेल्या गाडीचं काम

मागून धडक बसली तेव्हा वरवर बघितलं तर बंपरला एक चीर आणि डिकीच्या कोपऱ्यात डेंट, एवढंच दिसत होतं. एका गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं की बंपर बदलू, पुट्टी मारू, रंग देऊ, झालं काम. शेवटी ज्यांच्याकडे गाडी टाकली त्यांनी मात्र बंपर खोलल्याशिवाय फायनल इस्टिमेट द्यायला चक्क नाही म्हटलं, आणि मला तिथेच ते पटले, कारण बाहेरून दिसतं ते नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर असतं, खरा मार खातो तो आतला फोम आणि त्यामागचा स्टीलचा आडवा बार, प्लॅस्टिक दबून परत जागेवर येतं पण बार वाकला की वाकलेलाच राहतो.

आमच्या गाडीत तेच निघालं. बार वाकलेला आणि स्टेपनी ठेवतो त्या खड्ड्याच्या कडेला पत्र्याला घडी पडलेली. डिकीतलं मॅट उचलून दाखवलं, फोटो काढले, इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला परत बोलावून वाढीव कामाची मंजुरी घेतली आणि मगच हात लावला. बार ठोकून सरळ केला नाही, नवीनच टाकला. हाय स्ट्रेंग्थ स्टील गॅसने तापवून सरळ केलं की त्याची ताकद जाते, दिसायला ठीक दिसतं पण पुढच्या धडकेत उपयोग शून्य. आणि हल्लीच्या बहुतेक कार मोनोकॉक, वेगळी चासी नसतेच, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून त्यांनी गाडी बेंचवर, म्हणजे बॉडी घट्ट पकडून खेचायच्या सांगाड्यावर, चढवून पत्रा खेचला आणि कंपनीच्या मापांशी ताडून बघितला, हे काम बघायला मिळालं ते फार आवडलं.

रंग एक नंबर. सिल्व्हर मेटॅलिक म्हणजे डोकेदुखी, रंगाचा कोड तोच असला तरी स्प्रे गन किती लांब धरली, प्रेशर किती ठेवलं यावर त्यातले चमकणारे कण वेगळे बसतात आणि शेड फिरते. यांनी बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, शेजारच्या पॅनेलवर विरत नेला आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, अख्ख्या पॅनेलवर मारला, भर उन्हात तिरकं बघितलं तरी जोड कळत नाही. डिकीच्या दोन्ही बाजूंची गॅपही सारखी आहे.

तक्रार एकच, डिलिव्हरी लांबली आणि फोन आपणच करायचा, ते स्वतःहून काही कळवत नाहीत. गाडी घरी आणल्यावर मागे काही नसताना पार्किंग सेन्सर वाजायला लागला, तो नीट बसला नव्हता, परत नेल्यावर लगेच बसवून दिला पण हे गाडी द्यायच्या आधीच तपासायला हवं होतं. तुमच्या गाडीत बंपरमागे ब्लाइंड स्पॉटचा रडार (आरशात न दिसणारी गाडी ओळखणारा) असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो परत अचूक जुळवणं, केलंय का ते विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या, त्या जागी पुट्टी किंवा रंगाचा जाड थर बसला तरी रडार गंडू शकतो.

चार स्टार. एक फोनसाठी कापला.