फ्लोरिडा राहू द्या, न्यू हॅम्पशायर करून बघा

फोनवर एक इलेक्शन सिम्युलेटर टाकलाय, जुनी अमेरिकन निवडणूक उघडायची आणि नकाशावर राज्यं लाल (रिपब्लिकन) नाहीतर निळी (डेमोक्रॅट) करत बसायचं. मी 2000 ची उघडली, रिपब्लिकन बुश विरुद्ध डेमोक्रॅट अल गोर. सगळे फ्लोरिडाच धरून बसतात ना, बुश तिथे 537 मतांनी जिंकला, तिथल्या पाम बीचची ती डोकं फिरवणारी मतपत्रिका वगैरे, पण मी तिकडे हातच लावला नाही, नुसतं न्यू हॅम्पशायर निळं केलं, इवलंसं राज्य, 4 इलेक्टोरल मतं (राज्याराज्याला वाटलेली, अध्यक्ष ठरवणारी मतं), आणि अल गोर आला की राव! तिथे बुश जेमतेम 7,200 मतांनी पुढे होता अन् तिसऱ्या उमेदवाराला, नेडरला, 22 हजार पडलेली. इथवर एकदम भारी. पुढे मात्र बोंब, बुशच्या इराक युद्धाचं काय झालं असतं वगैरे काहीच नाही, नुसते फटाके उडतात आणि मग रमीची जाहिरात. दोन स्टार कापले.