१८० रुपये कशाचे, हे विचारलंच नाही

सांगायलाही लाज वाटते. ३१ वर्षं बँकेत कॅशला बसले, खोटी नोट नुसत्या बोटांना कळायची. आणि मलाच भरदिवसा ४३,२०० रुपयांना गंडवलं.

भाजी घेऊन लंगडत येत होते. एक मुलगा पिशवी धरायला पुढे आला. "काकू, माझ्या आईचे गुडघे अस्सेच होते हो." पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: ओळखीचे वैद्य, गल्लीतलं दुकान, भिंतीवर धन्वंतरी. वैद्यांनी सलई गुग्गुळ आणि हळदीच्या अर्काचं नाव काढलं, वर एक छापील कागद दाखवला. २००३ साली नागपुरात गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर सलईचा अभ्यास झाला होता, त्याचा. तो अभ्यास खरा आहे, नंतर तपासलं. म्हणूनच फसले, निव्वळ थापा असत्या तर उठून आले असते.

चिठ्ठीवर भाव लिहिला, १८०/-. मला वाटलं डबीचा. पण वजनाला काढला तो सोनाराचा काटा! चूर्णाला सोनाराचा काटा कशाला, हे तिथंच डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. समोर २४० ग्रॅम कुटून पुड्या बांधल्या आणि मग म्हणे, भाव ग्रॅमचा. "कुटलेलं परत घेत नाही, काकू." दारात दोघं उभे. एकटी बाई काय करणार? कार्ड दिलं.

तिसऱ्या दिवशी दुखणं गायब. मी मूर्ख, त्यांना दुवा दिला! नागपूरच्या रुग्णांना आठ आठवडे औषध होतं, मला तीन दिवसांत गुण? महिन्याभरात तोंड सुजलं, साखर २८६. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड कालवलेलं असणार. अशी पुडी चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका, तेही घातक. आधी डॉक्टर गाठा.

पोलीस म्हणाले, "बिल आहे, पिन तुम्हीच टाकलीत, मग फसवणूक कसली?" बिलावर नुसतं 'चूर्ण', ना औषधाचं नाव ना बॅच नंबर. असलं बिल हातात आलं तर पैसे देऊ नका. औषधखात्याच्या कार्यालयात तीन खेपा. साहेब मीटिंगला. साहेब रजेवर. तिसऱ्यांदा भेटले तर म्हणे फोडलेली पुडी नमुना म्हणून चालत नाही. अहो, न फोडता खायची कशी? चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. दुकानाच्या काचेवर 'संधिवात मुळापासून बरा' असं हातभर अक्षरात रंगवलंय. ते जाऊन वाचायलाही यांना सवड नाही!

मुलाला मी ४,३०० सांगितलेत.