अन्नसाहाय्याचे ॲप: नूतनीकरणापर्यंतचा अनुभव

माझी दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली आहे आणि आईच्या बोटांचे सांधे आखडल्यामुळे तिला मोबाइलवर काही लिहिता येत नाही. आम्हा दोघींना अन्नसाहाय्य मंजूर आहे. गेले अनेक महिने अर्ज, कागदपत्रे, कार्डावरील शिल्लक आणि शेवटी नूतनीकरण ही सारी कामे मी ॲपवरूनच करत आले आहे. अशा ॲपबद्दलचे अभिप्राय बहुधा पहिल्या आठवड्यात लिहिले जातात. परंतु खरी परीक्षा नूतनीकरणाच्या वेळी होते, म्हणून तेवढे होईपर्यंत मी थांबले.

सर्वांत मोठी सोय पडद्यावर कुठेच दिसत नाही. ती म्हणजे ॲपने आम्हाला जे विचारले नाही ते. आईचे निवृत्तिवेतन आणि माझा अपंगत्वाचा दाखला ही माहिती शासनाकडे आधीच आहे. आमची संमती घेऊन ॲपने ती संबंधित विभागांकडून परस्पर मागवली आणि अर्जात भरून दाखवली. आमच्याकडे काम उरले ते फक्त तपासून होकार देण्याचे. कमावत्या कुटुंबाचे उत्पन्न दर महिन्याला बदलू शकते, म्हणून त्याची वारंवार पडताळणी समजण्यासारखी आहे. मात्र ठरावीक निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला थोड्याथोड्या महिन्यांनी तेच कागद मागण्याने नवे काहीच कळत नाही. उलट, एखादा कागद वेळेवर पोचला नाही की पात्र माणसाचेच साहाय्य थांबते. अमेरिकेतील ‘स्नॅप’ या अन्नसाहाय्य योजनेत अनेक राज्यांनी हे ओळखून वेगळी पद्धत स्वीकारली आहे. ज्या घरातील सर्व सदस्य वृद्ध किंवा अपंग आहेत आणि कोणालाही कामातून मिळणारे उत्पन्न नाही, अशा घरांसाठी अर्ज लहान असतो, बरीचशी पडताळणी उपलब्ध नोंदींवरून होते आणि मंजुरी सहसा ३६ महिन्यांची असते. आमच्या सेवेत मंजुरीचा काळ इतका मोठा नाही, पण नूतनीकरणाच्या अर्जात जुनी माहिती आपोआप आली आणि ‘काही बदल आहे का’ एवढाच प्रश्न होता. एका बैठकीत काम संपले. ॲपला मी जे काही गुण देईन त्यांतील निम्मे तरी या एका गोष्टीचे.

आता पडद्याकडे वळते. मी स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे मोबाइल मला प्रत्येक बटणाचे नाव वाचून दाखवतो. त्यासाठी ते नाव ॲप बनवणाऱ्याने लिहिलेले असावे लागते. मुख्य पानावर ते नीट लिहिलेले आहे, परंतु कागदपत्रांच्या पानावर सुरुवातीला मला ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येत होते आणि त्यांपैकी एक बटण जोडलेली कागदपत्रे काढून टाकणारे होते. जन्मतारीख निवडण्याचे चक्र चालू वर्षापासून सुरू होते. त्यामुळे ज्यांच्यासाठी ही सेवा आहे त्यांनाच सर्वांत जास्त मागे जावे लागते, आणि तेही दुखऱ्या बोटांनी. (पडद्यावर हसऱ्या आजीआजोबांचे चित्र आहे, असे शेजारच्या मुलीने सांगितले.) चूक झाल्यास ती जागा केवळ लाल होते, कोणती चूक झाली हे शब्दांत येत नाही.

कागदपत्रांचे छायाचित्र काढण्याची सोय मात्र विचारपूर्वक केलेली आहे. ‘थोडे वर न्या’, ‘चारही कोपरे दिसत आहेत’ असे ॲप बोलून सांगते आणि छायाचित्र स्वतःच टिपते. अडचण अशी की कागदाची लिहिलेली बाजू समोर आहे की कोरी, हे ते सांगत नाही. चार कोपरे दिसले की यंत्राचे समाधान होते, आणि कोरा कागद आल्याची हरकत तपासणाऱ्या माणसाकडून काही दिवसांनी येते. अक्षरे ओळखण्याचे तंत्रज्ञान आज साध्या स्मार्टफोनवरही उपलब्ध असताना ही उणीव राहायला नको होती.

याहून गंभीर प्रश्न वेळेचा होता. काही मिनिटे हालचाल झाली नाही की ॲप सूचना न देता बाहेर काढत असे. स्क्रीन रीडरने लांब पान ऐकून होईपर्यंतच ती मुदत संपे आणि भरलेले सर्व पुसले जाई. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि एका साध्या कृतीने ती वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत, हा त्यांतील एक मान्य मार्ग असून तो २००८ सालच्या आवृत्तीपासून नमूद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने, एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा भरायला लावू नये, अशीही भर घातली. मी हे मुद्दे लिहून तक्रार नोंदवली. पुढच्या काही अद्ययावत आवृत्त्यांमध्ये बटणांना नावे आली आणि मुदतवाढीचा प्रश्नही विचारला जाऊ लागला. जन्मतारखेचे चक्र अजून तसेच आहे.

ओळख पटवण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत कडक आहे. वयानुसार त्वचा कोरडी पडते, बोटांवरील रेषा झिजतात आणि आयुष्यभर हातांनी काम केलेल्या माणसांच्या बाबतीत ते लवकर घडते. त्यामुळे आईचे बोट यंत्राला क्वचितच पटते. चेहरा दाखवण्याचा पर्याय मला उपयोगाचा नाही, कारण पडद्यावरील वर्तुळात चेहरा आणायचा तर आधी ते वर्तुळ दिसावे लागते. ओटीपी वाचून तो दुसऱ्या पानावर भरेपर्यंत बहुधा बाद होतो. या साऱ्यांत चालतो तो सर्वांत जुना मार्ग: नोंदवलेल्या क्रमांकावर फोन येतो, आवाज सांकेतिक अंक विचारतो आणि आपण ते दाबतो. हा पर्याय ॲपमध्ये आहे, पण तिसऱ्या पानाच्या तळाशी. तो पहिल्या पानावर आणायला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

शिल्लक रक्कम ऐकण्याची आणि सामान घरपोच मागवण्याची सोय विनातक्रार चालते. आपोआप उत्तरे देणारा संवादक निरुपयोगी आहे; हेल्पलाइनवरील माणसे चांगली आहेत.

ज्यांना घरातील वृद्धांसाठी हे ॲप सुरू करायचे आहे त्यांनी ‘अधिकृत प्रतिनिधी’चा रकाना पहिल्याच अर्जात भरावा. प्रतिनिधीला स्वतःच्या खात्यातून दुसऱ्याचा अर्ज पाहता येतो, त्यामुळे आईचा पासवर्ड मला ठेवावा लागत नाही आणि मी काय केले याची नोंदही तिच्या खात्यात राहते. मात्र या नेमणुकीसाठी लाभार्थ्याची संमती, सही किंवा फोनवरील होकार लागतो. पक्षाघातानंतर वाचा गेली किंवा स्मृतिभ्रंश वाढला, तर तो होकार घेण्याची सोपी वाट ॲपमध्ये नाही. मग कार्यालयात जाऊन वेगळे कागद सादर करावे लागतात. आम्ही आईचा होकार फोनवर दिला तेव्हा पलीकडच्या अधिकाऱ्याने तिला तिच्या वेगाने बोलू दिले, आणि नेमणूक दुसऱ्या दिवशी खात्यात दिसू लागली.