झिगझॅग: एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कितपत कामाचं?

पेट्झल या फ्रेंच कंपनीचं झिगझॅग हे दोरी धरण्या-सोडण्याचं उपकरण युरोप-अमेरिकेत झाडांवर दोरीने काम करणाऱ्यांच्या हार्नेसला हमखास दिसतं. एकाच झाडातल्या चढ-उतारात ते झकास चालतं, त्यात वाद नाही. कस लागतो तो खाली न उतरता शेजारच्या झाडावर जायचं असतं तेव्हा. हे परीक्षण तेवढ्यापुरतंच.

आपल्याकडे हे काम दोरीशिवायही होतं. कोकणातला पाडेली पोफळीचा शेंडा हलवतो, झोका घेतो आणि शेजारची पोफळ धरतो. पण पोफळ लवते. ओक, बीच किंवा आपला वड लवत नाही, आणि कमरेला चेनसॉ लटकत असताना कुणी झोकाही घेऊ नये.

आधी उपकरण. वजन आलं की दोरीला आवळून धरणाऱ्या प्रुसिकसारख्या गाठीच्या जागी यात धातूच्या दुव्यांची माळ आहे. वजन आलं की माळ वाकडी होते आणि दोरी तिच्यात नागमोडी अडकते. वरची तरफ दाबली की दुवे सरळ होतात, दोरी सरकते. खाली सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरणारी कप्पी आहे, त्यामुळे ढील (दोरीचा सैल भाग) एका हाताने ओढून घेता येते. दोरी 11.5 ते 13 मिमीची लागते. ट्रेकिंग क्लबांकडे असते ती 10 किंवा 10.5 मिमीची दोरी यात चालणार नाही. दुव्यांची पकडच नीट बसत नाही. जुनं झिगझॅग स्वस्तात मिळत असेल तर हेही लक्षात ठेवा की 2013 मध्ये कंपनीने पहिली आवृत्ती परत मागवली होती. अनुक्रमांक तपासल्याशिवाय वापरलेला माल घेऊ नका.

आता दोन झाडांमधलं गणित, कारण उपकरणाचे गुणदोष त्यावरच ठरतात. माणूस आणि सामान मिळून 90 किलो धरू. दोन झाडांच्या दोऱ्यांवर मधोमध लटकलं आणि दोरींमधला कोन 90 अंश असला, तर प्रत्येक दोरीवर साधारण 64 किलोचा ताण येतो. 120 अंशांना तो पूर्ण 90 होतो, 150 ला सुमारे 174 आणि 160 ला 259. म्हणजे अँकर (दोरी झाडावर अडकवलेली जागा) जितके खाली आणि झाडं जितकी लांब, तितकी दोरी आडवी आणि फांदीला बसणारी आडवी ओढ जास्त. फांद्या उभं वजन पेलतात, आडव्या ओढीला दगा देतात. आपल्याकडचा गुलमोहर तर दोन्हीला. म्हणून दोन्ही अँकर शेंड्याकडे, मुख्य खोडाच्या बेचक्यात हवेत.

दुसरा धोका झोक्याचा. पहिल्या अँकरपासून 10 मीटर दोरी सोडून 45 अंशांत बाजूला गेलात आणि दुसरा अँकर सुटला, तर जवळजवळ 3 मीटर खाली येत परत झोकावता. झोक्याच्या तळाशी वेग ताशी 27 किलोमीटरच्या आसपास असतो, आणि समोर पहिल्या झाडाचं खोड असतं. हेल्मेट या वेगासाठी बनवलेलं नसतं.

तेव्हा दुसरा अँकर शक्यतो चढण्याआधी जमिनीवरूनच लावावा: दोन मिमीची थ्रोलाइन (वर फेकायची बारीक दोरी), 250 ते 400 ग्रॅमची पिशवी, मग तिच्यामागून दोरी. बुंध्यावरची बुरशी आणि सुकलेला शेंडा आधी बघून घ्यायचा, मग खालून दोघांनी दोरीला लटकून वजन द्यायचं. शेजारच्या झाडातून ते बेचकं जवळून तपासता येत नाही, म्हणून ही चाचणी गाळायची नाही. लावलेल्या दोरीला थ्रोलाइन बांधून तिचं टोक पहिल्या झाडात वर नेलं की पलीकडची दोरी बसल्या जागी ओढून घेता येते.

प्रत्यक्ष जाताना हार्नेसच्या ब्रिजवर (पुढच्या बाजूच्या आडव्या जोडदोरीवर) दोन रिंग हव्यात, एका रिंगवर पहिली प्रणाली, म्हणजे पहिल्या झाडाची दोरी आणि तिचं उपकरण, दुसरीवर दुसरी. दोन्ही एकाच कॅराबिनरमध्ये घातल्या तर तो आडवा फिरतो आणि गेटवर ताण येतो. आधी दुसरी दोरी ताणून तिच्यावर थोडं वजन द्यायचं आणि ती धरते हे बघायचं. मग पहिली थोडी सोडायची, दुसरी थोडी घ्यायची, पुन्हा पहिली. दोन्ही तरफा एकदम कधीही दाबायच्या नाहीत. तरफेवरचा हात एक, दोरीच्या सुट्या टोकावरचा हात दुसरा. म्हणजे दोन्ही हात एकाच प्रणालीत गुंततात. इथे झिगझॅग गाठीला मागे टाकतं. पहिल्याची तरफ सोडली की ते जागीच धरतं आणि हात दुसऱ्या दोरीची ढील घ्यायला मोकळा होतो. तरफेवर दाब कमीजास्त करून दोरी बोटभरही सोडता येते. ओली किंवा चिवट झालेली गाठ अशी बोटभर सुटत नाही. ती आधी अडून बसते, मग एकदम फूटभर सरकते, आणि दोन दोऱ्यांमध्ये तोल सांभाळताना तो फूटभर धक्का नको असतो.

पलीकडे पोचल्यावर आधी लॅन्यार्ड (हार्नेसची आखूड दोरी) खोडाभोवती. मग दुसऱ्या दोरीवर बसून बघायचं आणि त्यानंतरच पहिली ढिली करायची. ती काढायची असेल तर टोक हातातून सोडू नका. हार्नेसला क्लिप करा किंवा या झाडाला बांधा. सुटलेली दोरी झोका घेत पहिल्या झाडाकडे जाते आणि परतीचा रस्ता बंद होतो. नव्या माणसांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दोरीच्या हिशोबाचंही भान हवं. पहिला अँकर 15 मीटरवर असेल तर दुहेरी दोरीत, म्हणजे अँकरवरून जाऊन परत आपल्याकडे येणाऱ्या दोरीत, 30 मीटर तिथेच जातात. 45 मीटरच्या दोरीचं दुसरं टोक पलीकडे वापरायचं ठरवलंत तर हातात उरतात जेमतेम 15. दुसरी स्वतंत्र दोरी न्यावी हे बरं.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. दुव्यांच्या माळेचं डोकं फांदीला टेकलं किंवा तरफ कशात अडकली, तर पकड ढिली होऊन दोरी सरकू शकते. सरळ उतरताना उपकरणासमोर मोकळी हवा असते. आडवं जाताना ते दोन्ही झाडांच्या डहाळ्यांमधून घासत जातं. बारीक काटकी दुव्यांत शिरते ती इथेच. वाटेतल्या डहाळ्या आधी सॉने साफ करणं आणि उपकरण छातीजवळ, नजरेसमोर ठेवणं हाच उपाय. शिवाय घाबरून आवळलेल्या मुठीला थांबवणारी सोय यात नाही. तरफ दाबलेली राहिली तर दोरी सुटतच राहते.

दुसरी तक्रार उपकरणाची कमी, दुहेरी दोरीच्या पद्धतीची जास्त. दुहेरी दोरी अँकरवरून सरकत असते. बाजूला जाल तसतशी ती साल, खुंट, बेचकी यांवर घासते, घर्षण वाढतं आणि तरफ दाबूनही दोरी पुढे येत नाही. मग माणूस जोर लावतो, अडलेली दोरी सुटते, झटका बसतो. अँकरला रिंगवाला फ्रिक्शन सेव्हर (फांदीभोवतीचा पट्टा, दोरी त्याच्या रिंगांतून जाते) लावला तर हे पुष्कळ कमी होतं, आणि सालही वाचते.

एक टोक झाडाला पक्कं केलेल्या एकेरी दोरीवर हा त्रास नाही, कारण दोरी स्थिर असते. दोन-चार फांद्यांवरून गेली तरी फरक पडत नाही. लांबच्या पल्ल्याला एकेरीच सोयीची. पण नुसतं झिगझॅग एकेरी दोरीवर वापरायचं नाही. दुहेरीत उपकरणावर साधारण अर्धं वजन येतं, एकेरीत पूर्ण, आणि त्या भाराखाली ते नीट सोडता येत नाही. त्यासाठी पेट्झलचाच शिकेन (Chicane) हा जोडब्रेक वर लावावा लागतो. जोडी उत्तम चालते. खर्च आणि हार्नेसवरचं वजन मात्र वाढतं. आणखी एक गोष्ट: दोरी बुंध्याशी बांधलेली असेल तर वरच्या बेचक्यावर जवळजवळ दुप्पट भार पडतो. शंकास्पद झाडात अँकर वरच बांधा.

झिगझॅग प्लसमध्ये वरच्या कडीला फिरकी आहे. एका झाडात काम करणाऱ्याला ती चैन वाटेल. झाडांमध्ये जाणारा माणूस मात्र सतत वळत असतो, फिरकीशिवाय दोरीला पीळ बसतो आणि ढील ओढताना तो कप्पीशी येऊन अडतो. या कामासाठी घ्यायचं तर प्लसच घ्या.

दोन्ही बाजूंना झिगझॅग हवं का? आमच्या मते नाही. पहिल्या झाडावर, जिथे दोरी हळूहळू सोडायची असते, तिथे झिगझॅग प्लस. दुसऱ्यावर व्हीटी किंवा डिस्टल ही प्रुसिकच्या जातीची गाठ, 8 ते 10 मिमीची, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची 75 सेंटिमीटरच्या आसपासची कॉर्ड आणि हिच क्लायंबर कप्पी. त्या बाजूला मुख्यतः ढीलच घ्यायची असते आणि ते गाठ कप्पीच्या मदतीने नीट करते. गाठीचं डोकंही फांदीला टेकलं तर सरकतं, तेव्हा तिथेही नजर हवी. पण एका झिगझॅगच्या पैशात अशा कॉर्ड कितीतरी येतात आणि झिजली की टाकून देता येते.

चीड-देवदारासारख्या झाडांचा चीक दुव्यांत बसला की तरफ जड होते. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे. वर्षातून एकदा तरी जाणत्याकडून कसून तपासणी, आणि दर वापराआधी दुव्यांच्या आतल्या कडा, पिना आणि तरफेचं परतणं बघायचं. तरफ सोडल्यावर आपणहून जागेवर आली नाही, तर त्या दिवशी ते उपकरण पिशवीतच ठेवा.