गारठ्यात जोरात गाडी चालवायचीय, समर टायर ठेवू की विंटर घालू? दोन्ही वापरून झाल्यावरचं माझं मत

आधी निकाल सांगून टाकतो, कारण सांगतो मागाहून. रस्ता कोरडा आहे आणि पारा शून्याच्या वर आहे, तर चांगला समर टायर जोरात चालवायला अजूनही विंटरपेक्षा सरसच आहे, फक्त तो तापेपर्यंत दम धरायची तयारी पाहिजे. रस्ता ओला आणि तापमान पाच-सातच्या खाली गेलं की दोघं बरोबरीला येतात आणि तिथून पुढे विंटर वरचढ व्हायला लागतो. आणि रस्त्यावर बर्फ, किंवा नुसतं गोठलेलं दव जरी असलं, तरी समरचा विषय संपला, तिथे चर्चाच नको.

मी हे एकाच गाडीवर दोन्ही सेट घालून बघितलंय. समर म्हणजे मॅक्स परफॉर्मन्स वर्गातला, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस ज्या वर्गात मोडतो तो. आणि विंटर म्हणजे परफॉर्मन्स विंटर, पायलट अल्पिन ५ किंवा कॉन्टिनेन्टलचा विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८६० एस असतो त्या जातीचा. हे मुद्दाम सांगतोय कारण 'विंटर टायर' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता ते ७ अंशांचं प्रकरण. सगळीकडे ऐकायला मिळतं की सातच्या खाली गेलं की समर टायर दगड होतो. असं काही बटण दाबल्यासारखं होत नाही हो. रबराची पकड मुख्यतः दोन गोष्टींनी येते, एक तर रबर रस्त्याला चिकटतं आणि दुसरं म्हणजे खडीच्या बारीक खाचाखोचांत दबून बसतं, आणि दोन्हीसाठी ते लवचिक राहायला लागतं. समरचं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, उन्हाळ्यातल्या तापमानाला बेस्ट काम करावं म्हणून बनवलेलं असतं त्यामुळे थंडी वाढेल तसं ते हळूहळू कडक होत जातं. विंटरचं कंपाउंड बरंच खालच्या तापमानापर्यंत मऊ राहतं. म्हणजे हा उतार आहे, कडा नाही, आणि ७ हा त्या उतारावरचा लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे एवढंच. शिवाय हवामानाच्या ॲपमधला आकडा हवेचा असतो, टायरला मतलब रस्त्याच्या तापमानाशी. ऊन पडलेल्या दुपारी डांबर हवेपेक्षा छान गरम असतं आणि निरभ्र रात्री उलट हवेपेक्षा थंड होऊ शकतं, म्हणून डॅशबोर्ड ३ अंश दाखवत असताना पुलावर बर्फाचा पातळ थर असू शकतो. बऱ्याच गाड्या ३-४ अंशांनाच वॉर्निंग देतात ती उगाच नाही.

गार समर टायरवर नेमकं काय होतं? सुरुवातीचे काही किलोमीटर स्टिअरिंग हलकं आणि निर्जीव लागतं, वळणात गाडीचं तोंड बाहेर जायला बघतं, ब्रेक जरा जोरात दाबला की एबीएस लवकर थडथडायला लागतं, आणि रिअर व्हील ड्राइव्ह असेल आणि इंजिनात दम असेल तर छोट्या चौकातून निघतानाही मागची बाजू सुटते. हे अचानक होतं, आधी इशारा फारसा मिळत नाही, आणि समरबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. एकदा का टायर आतपर्यंत तापले की मग तोच टायर असा काही बदलतो की विचारू नका, धार परत येते, ब्रेकिंग परत येतं. पण वरचा थर पटकन तापतो आणि सरळ रस्त्यावर तितक्याच पटकन गारही होतो, आतला सांगाडा तापायला वेळ लागतो, त्यामुळे दोन वळणं मस्त गेली म्हणून तिसऱ्यावर लगेच विश्वास टाकू नका. झिगझॅग करून विशेष काही तापत नाही, मागे कोणी नसताना सरळ रेषेत ब्रेक आणि थ्रॉटलचा वापर केला तर जास्त फरक पडतो.

हवेचं प्रेशर तर बहुतेक लोक विसरतातच. तापमान साधारण साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की १ पीएसआय जातं. बंद गॅरेजमध्ये २० अंशांत हवा भरली आणि बाहेर २ अंश असले तर निघतानाच ३ पीएसआय कमी, आणि मग आपण म्हणतो टायर ढिला वाटतोय. बाहेरच्या थंडीत, टायर गार असतानाच चेक करा.

आता विंटर. पहिल्या मीटरपासून तो चालू असतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, आणि रोज सकाळी ऑफिसला जाताना याची किंमत कळते कारण छोट्या अंतरात समर तापतच नाही. पण वळणात घातला की त्याचा स्वभाव कळतो. ट्रेड, म्हणजे टायरची नक्षी, खोल, नवीन असताना ८ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, आणि प्रत्येक ब्लॉकवर बारीक चिरा. खोडरबर उभं धरून कागदावर दाबून ढकललं की ते आधी वाकतं आणि मग सरकतं, तसंच हे ब्लॉक करतात, म्हणून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली यात एक छोटीशी गॅप जाणवते. आता या वर्गात चिरांच्या आतले पृष्ठभाग एकमेकांत अडकतील असे बनवतात, त्याने बराच फरक पडलाय, पण समरची ती नेमकी, ताबडतोब धार येत नाही ती नाहीच. पकड कमी आहे पण सुटते हळू, सांगून सुटते, हातात राहते. थंड ओल्या घाटात मला यावर जास्त निश्चिंत वाटतं आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मी तिथे जास्त सुरळीत चालवतो.

त्याची वाट लागते ती ऊन पडल्यावर. १५ अंशांच्या वर जोरात चालवलं की ब्लॉक तापून मेणचट होतात, ब्रेकिंगचं अंतर वाढतं, कडा झिजतात. ट्रॅकवर विंटर नेऊ नका, एका दिवसात त्याचा जीव जाईल.

खरेदी करताना बघायचं काय तर मघाशी म्हटलेलं ते, दोन जाती. एक परफॉर्मन्स विंटर, बहुतेक करून व्ही किंवा डब्ल्यू रेटिंगचे, म्हणजे कमाल वेग अनुक्रमे २४० आणि २७० किलोमीटर ताशी. दुसरे खास बर्फासाठीचे स्टडलेस, म्हणजे खिळे नसलेले, ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक डब्ल्यूएस९० किंवा मिशेलिनचा एक्स-आइस या घराण्यातले. बर्फावर कमाल आहेत पण अजून मऊ, आणि जोरात चालवायचं म्हणून घेत असाल तर हे घेऊ नका. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बघून भुलायचं नाही, ते चिन्ह दाबलेल्या बर्फावरच्या पकडीच्या चाचणीचं असतं, कोरड्या थंड रस्त्यावरच्या वळणाबद्दल किंवा ब्रेकबद्दल ते काही सांगत नाही. नुसतं एम प्लस एस (मड आणि स्नो, चिखल-बर्फ) लिहिलंय त्याला तर त्याहून कमी अर्थ, ते फक्त ट्रेडच्या रचनेवरून मिळतं.

उलट टोकाला पायलट स्पोर्ट कप २ सारखे ट्रॅककडे झुकणारे टायर. ते थंडीत घालूच नका, ओल्यात तर अजिबात नाही. आणि कुठलाही समर उणे ७ च्या खाली राहिला असेल तर गाडी हलवायचीही नाही, रबरात तडे जाऊ शकतात असं टायरवाले स्वतः सांगतात. सेट काढून ठेवलाय आणि जागा तशी गारठलेली असेल तर आधी हळूहळू ५ अंशांच्या वर येऊ द्या, पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या, मग हात लावा.

पुढे दोन विंटर मागे दोन समर असला प्रकार कृपा करून करू नका, आणि ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून चालेल असंही नाही, तो जागेवरून निघताना मदत करतो, थांबताना सगळ्याच गाड्यांना चारच टायर.

मी स्वतः तारीख बघून बदलत नाही. आठवड्याचं पहाटेचं किमान तापमान बघतो, ते ३-४ च्या खाली जायला लागलं आणि रस्ते ओले राहायला लागले की विंटर चढतात. कोरड्या थंडीत, फक्त दुपारी, मौजेसाठी चालवणाऱ्याने समरवरच राहिलेलं मला पटतं. विंटरसाठी वेगळे रिम घ्या, एक इंच लहान घेतलेत तर साइडवॉल जरा जाड मिळते आणि खड्ड्यांतही बरं, फक्त ब्रेक कॅलिपर आत बसतोय का ते आधी बघा. ट्रेड ४ मिलिमीटरवर आला की ओल्या बर्फासाठी तो विंटर संपला समजा. आणि चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की टॉर्क रेंच लावून नट परत एकदा चेक करा.